कोळंबीच्या पानात काय वाढले?

मासळी बाजारात कोळंबीच्या वाट्यापुढे उभे राहिलेले गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी एक प्रश्न हमखास विचारते, ‘खाडीची की तलावातली?’ खाडीची म्हटले की दोन पैसे जास्त मोजायची तयारी असते. तलावातली म्हटले की कपाळावर आठी येते. हाच प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात जरा वेगळ्या शब्दांत येतो. ‘डॉक्टर, शेतीतल्या कोळंबीला इंजेक्शनं देतात म्हणे. मुलांना द्यावी का?’

इंजेक्शनाची शंका चटकन निकालात काढता येते. आपल्याकडच्या कोळंबी शेतीत आज व्हन्नामेई या जातीचे राज्य आहे. ही मूळची अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरची. भारतात तिच्या संवर्धनाला २००९ मध्ये परवानगी मिळाली. नियमानुसार चौरस मीटरला जास्तीत जास्त ६० कोळंबी ठेवता येतात. म्हणजे एका हेक्टरच्या तलावात सहा लाख जीव. त्यांना एकेक करून सुई टोचणार कोण? कोळंबीच्या शरीरात चांगले-वाईट जे काही जाते ते पाण्यातून आणि खाद्यातून. त्यामुळे खरा प्रश्न ‘खाडीची की तलावातली’ हा नाही. ती काय खाऊन वाढली, हा आहे. आणि या प्रश्नाचा संबंध आपल्या ताटाशी आहे, तसाच तो रुग्णालयातल्या औषधांशीही आहे.

बाळकोळंबीचे पहिले जेवण

तलावात पोत्यातले दाणेदार खाद्य टाकतात हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण कोळंबीच्या आयुष्याची सुरुवात पोत्यातल्या खाद्यावर होत नाही. व्हन्नामेईची एक मादी एका वेळी लाख-दोन लाख अंडी घालते. अंड्यातून बाहेर पडणारा जीव ‘नॉप्लियस’ म्हणून ओळखला जातो. तो काही खात नाही. पोटातल्या पिवळ्या बलकावर दीड-दोन दिवस काढतो. मग येते ‘झोइया’ अवस्था. आता तोंड उघडलेले असते, बलक संपलेला असतो आणि समोर अन्न नसेल तर काही तासांत मरतूक सुरू होते.

या नाजूक घडीला तिला लागतात डायटम, म्हणजे सिलिकाच्या काचेसारख्या डबीत राहणारी एकपेशीय शैवाले. मराठी विज्ञानलेखनात त्यांना करंडक वनस्पती असे सुरेख नाव आहे. हे कोडे सुटायला बराच काळ गेला. जपानचे मोतोसाकू फुजिनागा यांनी १९३०च्या दशकात कुरुमा जातीच्या कोळंबीची अंडी प्रयोगशाळेत मिळवली. पण पिल्ले पुढच्या अवस्थेत जगेनात. ‘स्केलेटोनेमा’ नावाच्या डायटमची शुद्ध पैदास करून ते खाऊ घातल्यावर ती जगली. १९४२ मध्ये त्यांनी हे सारे सविस्तर प्रसिद्ध केले. आज आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या बीजोत्पादन केंद्रांत, ज्यांना सगळे ‘हॅचरी’च म्हणतात, मोठमोठ्या टाक्यांत तपकिरी रंगाचे पाणी बुडबुडत असते. ते फुजिनागांच्याच वाटेवरचे काम आहे.

झोइयानंतरची ‘मायसिस’ अवस्था मांसाहारी वळणाची. तिला हलणारे, पकडता येईल असे भक्ष्य हवे. इथे रंगमंचावर येतो आर्टेमिया.

मिठागरातला पाहुणा

आर्टेमिया हा अतिखाऱ्या पाण्यात राहणारा, आपल्या जवळ्याहूनही छोटा जीव. पाणी आटू लागले, क्षार वाढले की मादी पिल्लांऐवजी टणक कवचाची, सुप्त अवस्थेतली अंडी सोडते. ही अंडी इतकी बारीक, की एका ग्रॅममध्ये दोन ते तीन लाख बसतात. कोरडी करून हवाबंद डब्यात भरली की ती वर्षानुवर्षे टिकतात. हव्या त्या दिवशी समुद्राच्या पाण्यात टाकावी, खालून हवा सोडावी, साधारण २४ तासांत नारिंगी रंगाची जिवंत पिल्ले पोहू लागतात. जिवंत खाद्य डब्यात भरून ठेवण्याची ही निसर्गाचीच सोय.

भारतात आर्टेमियाची पहिली नोंद १९५३ मध्ये झाली ती मुंबईत, वडाळ्याच्या मिठागरांतून. असे असूनही जगाला लागणाऱ्या अंड्यांचा मोठा वाटा येतो अमेरिकेतल्या युटा राज्याच्या ग्रेट सॉल्ट लेक या एका सरोवरातून. हे सरोवर २०२२ मध्ये नोंदीतल्या सर्वांत खालच्या पातळीला गेले. पाणी इतके खारट झाले की आर्टेमियासुद्धा तग धरेल का, अशी चिंता तिथल्या शास्त्रज्ञांना वाटू लागली. पुढच्या हिवाळ्यातल्या बर्फाने तात्पुरते तारले. पण आपल्या किनाऱ्यावरच्या कोळंबीचे दूधभाताचे दिवस हजारो मैलांवरच्या एका आटत्या सरोवरावर टेकलेले आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. व्हिएतनामने मेकाँगच्या मुखाजवळ विन्ह चाऊ इथे १९८०च्या दशकापासून मिठागरांतच आर्टेमिया पिकवायला घेतला. मीठ पिकवणाऱ्यांना त्यातून जोडउत्पन्न मिळाले.

पोत्यातले का चालत नाही?

‘एवढा खटाटोप कशाला? दाणेदार खाद्यच बारीक दळून घाला की,’ असे कोणालाही वाटेल. तसे प्रयत्न झाले, होत आहेत आणि काही प्रमाणात दळलेले खाद्य वापरलेही जाते. पण जिवंत खाद्य पूर्णपणे हटवणे अजून व्यवहारात जमलेले नाही. कारणे समजायला सोपी आहेत.

पहिले, बारीक भुकटीतली जीवनसत्त्वे आणि अमिनो आम्ले पाण्यात काही मिनिटांत विरघळून जातात. जिवंत जीवाच्या शरीरात ती बांधून ठेवलेली असतात. दुसरे, भुकटी तळाशी बसून कुजते. जिवंत भक्ष्य खाल्ले जाईपर्यंत पोहत राहते आणि पाणी त्या मानाने कमी बिघडवते. तिसरे, पिल्लाचे आतडे अपुऱ्या वाढीचे असते. मऊ, पाणीदार, पातळ कवचाचे भक्ष्य त्याला पचते. तान्ह्या बाळाला भाकरी का देत नाही, याचे उत्तर जे आहे तेच इथेही.

चौथे कारण पोषणाचे आहे आणि ते थेट आपल्यापर्यंत येते. मेंदूला आणि हृदयाला चांगली म्हणून आपण ज्या ओमेगा-३ मेदाम्लांची नावे ऐकतो, ती कोळंबी स्वतः पुरेशी बनवू शकत नाही. ती बनवतात सूक्ष्म शैवाले. शैवाल खाते कोपेपॉड नावाचे प्राणी प्लवक, त्याला खाते कोळंबी, तिला खातो आपण. शिजवल्यावर कोळंबीला चढणारा लाल रंग अ‍ॅस्टाझँथिन या द्रव्याचा. त्याचाही उगम शैवालातच. आणखी एक गंमत: कोळंबीतल्या कोलेस्टेरॉलची रुग्णांना फार धास्ती असते, पण कोळंबीला कोलेस्टेरॉल मुळातून तयारच करता येत नाही. कात टाकण्यासाठी लागणारी संप्रेरके त्यापासून बनतात, म्हणून तिला ते खाद्यातून मिळवावेच लागते. तिच्या शरीरातला बराचसा चांगला ऐवज असा उसना असतो. तो कोणाकडून घेतला, यावर तिची प्रत ठरते.

तलाव स्वतःच स्वयंपाकघर

पिल्लू बारा-पंधरा दिवसांचे झाले, की ‘बीज’ म्हणून तलावात सोडतात. आपल्या पूर्वजांच्या कोळंबी शेतीत इथून पुढे खाद्य घालण्याचा प्रश्नच नव्हता. गोव्याच्या खाजण जमिनींत भात कापल्यावर ‘मानस’ म्हणजे बांधातली दारे उघडून भरतीचे पाणी आत घेत; त्याबरोबर कोळंबीची पिल्ले येत. केरळच्या पोक्कळी शेतांत आजही पावसाळ्यात भात आणि नोव्हेंबर ते एप्रिल कोळंबी अशी फेरपालट चालते. भाताचे धसकट पाण्यात कुजते, त्यावर जिवाणू आणि शैवाले वाढतात, त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी, आणि त्या सगळ्यांवर कोळंबी. तिची विष्ठा पुढच्या भाताला खत. औषधाचे नाव नाही.

मग सगळ्यांनी असेच का करू नये? कारण साध्या गणितात आहे. अशा शेतात हेक्टरी काही शे किलो कोळंबी निघते. सघन शेतीत काही टन. चौरस मीटरला दोन-चार कोळंबी असतील तर तलाव त्यांना पोसतो. साठ सोडल्या तर पहिले काही आठवडे नैसर्गिक खाद्य पुरते आणि नंतर त्या तलाव चाटूनपुसून स्वच्छ करतात. त्यानंतर पोते फोडावेच लागते.

तरीही नैसर्गिक खाद्याचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून मोठा असतो. कमी घनतेच्या तलावांत दाणेदार खाद्य रोज घातले जात असतानाही व्हन्नामेईच्या अंगी लागलेला कार्बन कुठून आला, हे अमेरिकी संशोधकांनी कार्बनच्या समस्थानिकांचा माग काढून तपासले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाढीचा ५३ ते ७७ टक्के हिस्सा तलावातल्या जिवंत खाद्याचा निघाला. पोत्यातले महागडे खाद्य काही अंशी कोळंबीला मिळत होते आणि काही अंशी तलावाला खत म्हणून.

हे ओळखून सघन शेतीतही तलावाचे स्वयंपाकघर चालू ठेवण्याचे मार्ग निघाले. एक मार्ग आपल्या शेतकऱ्यांच्या हाताशी असलेल्या वस्तूंचा. तांदळाचा कोंडा, गूळ आणि यीस्ट एकत्र आंबवून ते पाणी बीज सोडण्याआधी तलावात घालतात. त्यावर कोपेपॉड आणि इतर प्राणी प्लवकांची भरघोस पैदास होते. ‘पाण्याला रंग आला’ की बीज सोडायचे. थायलंडमध्ये या पद्धतीला बरेच पद्धतशीर रूप मिळाले.

दुसरा मार्ग बायोफ्लॉकचा. इस्रायलचे योराम अवनिमेलेख यांनी त्यामागचे शास्त्र मांडले. कोळंबीच्या खाद्यातल्या नायट्रोजनपैकी साधारण पाव भागच तिच्या अंगी लागतो; उरलेला विषारी अमोनियाच्या आणि गाळाच्या रूपात पाण्यात राहतो. या पाण्यात गूळ किंवा मळीसारखा कर्बयुक्त पदार्थ घातला, की जिवाणू झपाट्याने वाढतात आणि अमोनिया वापरून स्वतःची प्रथिने बनवतात. त्यांचे शैवालांसह जे पुंजके तयार होतात ते फ्लॉक, आणि कोळंबी ते आवडीने खाते. घाणीचेच अन्न झाले. पाणीही फार बदलावे लागत नाही, त्यामुळे बाहेरचा रोग आत येण्याची एक वाट बंद होते. अट एकच, हवेची चक्रे चोवीस तास फिरली पाहिजेत. जिवाणूही प्राणवायू ओढत असतात. वीज गेली आणि जनित्र सुरू झाले नाही, तर तासाभरात तलाव संपू शकतो.

डॉक्टरांना याच्याशी काय देणेघेणे?

कोळंबी शेतकऱ्याची खरी भीती रोगाची आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने १९९४-९५ मध्ये आपल्या किनाऱ्यावरची शेती झोपवली. तीन-चार महिन्यांचे पीक, त्यावर काढलेले कर्ज, आणि सकाळी काठाला लागलेली मेलेली कोळंबी. अशा वेळी कोणी बाटली हातात दिली की माणूस ती ओततो. त्यात काय आहे हे विचारायचे त्राण नसते.

बाटलीत अनेकदा प्रतिजैविक असे. १९९०च्या दशकात अनेक देशांच्या हॅचऱ्यांत क्लोरॅम्फेनिकॉल सर्रास वापरले गेले. हे औषध आमच्या पिढीने टायफॉइडसाठी शिकले, आणि त्याबरोबर हेही शिकले की क्वचित एखाद्या रुग्णाच्या अस्थिमज्जेचे काम ते कायमचे बंद पाडते. किती मात्रेला हे होईल याचा नेम नाही. म्हणूनच अन्नातला त्याचा अंशही मान्य केला जात नाही. २००१-०२ मध्ये आशियातून गेलेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांचे अंश सापडले तेव्हा युरोपात खळबळ उडाली. भारताने मत्स्यशेतीत अशा औषधांवर बंदी घातली. तरी शंका पुरती फिटली नाही. २०१६ मध्ये युरोपीय संघाने भारतीय मालाच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले.

यातला विनोद कडवट आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा, त्यावर प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नाही. सर्दीला प्रतिजैविक मागणाऱ्या रुग्णासारखाच हा प्रकार.

प्रतिजैविकाचा अंश ताटात येणे हा धोक्याचा एक भाग झाला. दुसरा भाग डोळ्यांना दिसत नाही. तलावाच्या पाण्यात औषध पातळ होते, सगळे जिवाणू मरत नाहीत; जे उरतात ते औषधाला सरावलेले. ते आपली ही विद्या प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांतून शेजारच्या जिवाणूंनाही देतात. हे किती सहज घडते, याचे उदाहरण कोळंबीच्याच एका रोगात आहे. २००९ च्या सुमारास चीनमधून सुरू झालेल्या आणि बीज सोडल्यापासून महिन्याभरात तलाव रिकामे करणाऱ्या रोगाचे कारण २०१३ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने शोधले. ‘व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस’ हा समुद्रातला नेहमीचाच जिवाणू, पण त्याला कुठून तरी विष बनवणारे जनुक असलेले एक प्लाझ्मिड मिळाले होते. विषाचे जनुक ज्या गाडीने प्रवास करते, त्याच जातीच्या गाडीने औषधाला दाद न देण्याचे जनुकही प्रवास करते. खाडीतून ते कुठवर जाईल याची हद्द कोणी आखू शकत नाही.

अतिदक्षता विभागात आम्हाला आज असे रुग्ण भेटतात ज्यांच्या जंतूवर फक्त कोलिस्टिन चालते. जुने, मूत्रपिंडाला त्रास देणारे, पण शेवटचे हत्यार. हेच औषध जनावरे, कोंबड्या आणि मत्स्यशेतीत वापरायला भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी केली. ज्या शेतीत रोग कमी, तिथे औषधाचा मोह कमी. जिवंत खाद्यावर वाढलेले सुदृढ बीज, समतोल राखलेले पाणी आणि चांगल्या जिवाणूंनी आधीच जागा अडवलेला तलाव हे सगळे रोग दूर ठेवायला हातभार लावतात. म्हणून कोळंबीचे खाद्य हा आमच्याही अभ्यासाचा विषय ठरतो.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

इथवर वाचून जिवंत खाद्याची बाजू एकदम पक्की वाटेल. पण ‘नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?’ हे वाक्य आम्ही काढ्यांच्या आणि भस्मांच्या बाबतीत रोज ऐकतो, आणि त्याचे परिणाम यकृताच्या तपासण्यांत पाहतो. कोळंबीच्या बाबतीतही तीच सावधगिरी हवी.

अंडी देणाऱ्या कोळंबीच्या जोड्या परदेशांतून येतात. त्या ठरावीक रोगांपासून मुक्त असल्याची खात्री करून पैदा केलेल्या असतात. चेन्नईच्या क्वारंटाइन केंद्रात त्यांची पुन्हा तपासणी होते, मगच हॅचरीला मिळतात. तिथे पोचल्यावर त्यांनी लवकर आणि भरपूर अंडी धरावीत म्हणून त्यांना खाऊ घालतात खाडीच्या चिखलातून खणून आणलेले पॉलिकीट जातीचे जिवंत किडे. या किड्यांत अ‍ॅराकिडोनिक आम्ल भरपूर असते, त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनतात आणि अंडाशय पक्व होतो. खाद्य म्हणून ते उत्तमच. पण ज्या चिखलात आजूबाजूच्या तलावांचे सांडपाणी उतरते, तोच चिखल गाळून हे किडे पोट भरतात. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू त्यांच्यात सापडला आहे. ‘ईएचपी’ या परजीवीचे अंशही सापडले आहेत. विमानाने आणलेल्या, क्वारंटाइनमधून सुटलेल्या जोडीला आपण मागच्या दाराने रोग वाढतो तो असा.

ईएचपीचे पूर्ण नाव एंटेरोसायटोझून हेपाटोपीनी. २००९ मध्ये थायलंडच्या शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले. तो कोळंबीला सहसा मारत नाही, तिची वाढ खुंटवतो. शेतकरी खाद्य घालत राहतो आणि कोळंबी आहे तेवढीच राहते. त्याच्याच वंशातला एक परजीवी एचआयव्हीग्रस्तांमध्ये चिवट जुलाब घडवतो, म्हणून हे नाव डॉक्टरांना परके नाही. कोळंबीतली जात माणसाला होत असल्याचे मात्र आढळलेले नाही.

आर्टेमियाची गोष्ट याच वळणाची. अंड्यातून निघाल्यावर काही तासांनी तो पाण्यातले जे कण तोंडापाशी येतील ते निवड न करता गिळू लागतो. याचा फायदा घेऊन त्याला माशाच्या तेलाचे सूक्ष्म थेंब खाऊ घालतात आणि ओमेगा-३ ने भरलेली जिवंत गोळी तयार करतात. पण त्याच टाकीत व्हिब्रिओ वाढले असतील, तर तो त्यांनीही भरतो. गोळी तीच, आत औषध की विष हे टाकीच्या स्वच्छतेवर.

कोपेपॉडची कथा तर आपल्या वैद्यकाच्या इतिहासातली आहे. कॉलऱ्याचा जंतू साथ नसते तेव्हा कुठे दडतो? अमेरिकी शास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की तो कोपेपॉडच्या कवचाला चिकटून राहतो. मग त्यांनी बांगलादेशच्या खेड्यांत बायकांना पिण्याचे पाणी जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून गाळून घ्यायला शिकवले. जंतू साडीतून सहज निसटतील इतके लहान. पण कोपेपॉड अडकतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. जो जीव तलावात कोळंबीचे सर्वोत्तम अन्न, तोच व्हिब्रिओ कुळाचे वाहनही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

रक्तपेढीचा धडा

वैद्यकात याला एक नेमकी उपमा आहे. रक्त नैसर्गिक आहे, जीव वाचवते, आणि कारखान्यात त्याला अजून पुरता पर्याय निघालेला नाही. पण म्हणून आपण एकाच्या हातातून काढून दुसऱ्याला थेट देत नाही. एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया यांची तपासणी झाल्यावरच पिशवी रुग्णापर्यंत जाते. जिवंत खाद्याला हाच न्याय लावायला हवा: टाकून द्यायचे नाही आणि डोळे मिटून द्यायचेही नाही.

हे अवघड नाही. आर्टेमियाची अंडी सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे आमच्या वॉर्डात सांडलेले रक्त पुसायला वापरतात त्याच द्रावणात, ठरावीक वेळ ठेवली की बाहेरचे कवच विरघळते आणि त्यावरचे जंतू मरतात. आतले पिल्लू सुखरूप राहते. पॉलिकीट किडे खाडीतून थेट न देता बंद टाक्यांत, स्वच्छ पाण्यात वाढवलेले घ्यावेत. ते शक्य नसेल तर पीसीआर चाचणी करावी, आणि ७० अंश सेल्सिअसला १० मिनिटे तापवून द्यावेत, असा सल्ला थायलंडच्या तज्ज्ञांनी ईएचपीच्या साथीत दिला होता. नुसते गोठवणे पुरेसे नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू बर्फातही टिकतो. डायटम प्रयोगशाळेतल्या शुद्ध वाणापासून वाढवावेत. तलावात कोपेपॉडची पैदास बाहेरून पाणी घेऊन नव्हे, तर गाळून आणि निर्जंतुक करून घेतलेल्या पाण्यात, आतल्या आत करावी.

पालघर, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत आपल्या खाड्यांवर कोळंबीचे तलाव आहेत. मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासून आहे. मिठागरे, आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबणारी माणसेही आहेत. बीज घेताना पीसीआरचा अहवाल मागणे आणि ‘या हॅचरीत जोड्यांना काय खाऊ घालता?’ असे विचारणे, एवढी सवय शेतकऱ्यांना लागली तरी बाटलीची गरज पुष्कळ कमी होईल. कर्ज काढून तलाव भरणाऱ्याला हा अहवाल स्वस्तात आणि वेळेत मिळेल, ही जबाबदारी मात्र यंत्रणेची.

आपल्या स्वयंपाकघरापुरते

आता मुलांना द्यावी का, या प्रश्नाकडे. अ‍ॅलर्जी नसेल तर जरूर द्यावी. चांगली प्रथिने, कमी संपृक्त चरबी. कोलेस्टेरॉल आहे, पण निरोगी माणसाने महिन्यातून चार वेळा खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही.

व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकसची माणसातली पहिली ओळख १९५० मध्ये जपानच्या ओसाका भागात विषबाधेने झाली, आणि १९९६ मध्ये कोलकात्यात आढळलेला त्याचा एक प्रकार पुढे जगभर पसरला. कोळंबीला मारणारे त्याचे वाण सहसा माणसाला आजारी पाडत नाहीत, पण इतर वाण पाडतात. खाडीतल्या कोळंबीतही ते असू शकतात. उपाय आपल्या घरात पूर्वापार आहे: नीट शिजवणे. कच्च्या कोळंबीची सुरी आणि ताट कोशिंबिरीला वापरू नये. यकृताचा जुना आजार, अनियंत्रित मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्ची वा अर्धकच्ची सागरी मासळी खाऊच नये. त्यांच्यात व्हिब्रिओचा संसर्ग जिवावर बेतू शकतो.

अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी खास सूचना. कोळंबीची अ‍ॅलर्जी मुख्यतः तिच्या स्नायूंतल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते. ते शिजवून नष्ट होत नाही, आणि कोळंबी पोत्यावर वाढली की प्लवकावर, याने त्यात फरक पडत नाही. ‘नैसर्गिक खाद्यावरची’ अशी चिठ्ठी पाहून प्रयोग करू नये.

बाकीच्यांनी विक्रेत्याला प्रश्न जरूर विचारावेत, फक्त थोडे बदलून. ‘खाडीची की तलावातली’ याबरोबर ‘कुठल्या तलावातली, औषधाची तपासणी झालेली आहे का’ हेही विचारावे. आज या प्रश्नाला बाजारात उत्तर मिळणार नाही. परदेशी गिऱ्हाईक हाच प्रश्न वीस वर्षे विचारत आले, म्हणून निर्यातीच्या मालाची तपासणी होते. घरच्या गिऱ्हाइकानेही तो विचारायला सुरुवात केली, तर उत्तर देणे बाजाराला भाग पडेल.